सेल नावाची खोली

१६६५ साली लंडनमध्ये ‘मायक्रोग्राफिया’ नावाचं चित्रांनी भरलेलं एक जाडजूड पुस्तक निघालं. लेखक रॉबर्ट हूक. रॉयल सोसायटीच्या बैठकांमध्ये सभासदांना प्रयोग करून दाखवायचे, ही त्याची नोकरी. पुस्तकातल्या अठराव्या निरीक्षणात तो बूच, म्हणजे एका झाडाची साल, घेऊन बसला आहे. आधी त्याने चाकूला वस्तऱ्याची धार लावली, बुचाचा एक तुकडा कापून त्याची बाजू गुळगुळीत केली आणि त्या बाजूवरून अगदी पातळ काप काढला. काप पांढरट होता, म्हणून खाली काळी पट्टी ठेवली. भिंगातून त्यावर उजेड पाडला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. भरीव वाटणारं बूच आतून सगळं कप्प्याकप्प्यांचं निघालं.

पुढे त्याने जे केलं ते मला पुस्तकातल्या त्या प्रसिद्ध पिसवेच्या चित्राहूनही आवडतं. तो मोजत बसला. इंचाच्या अठराव्या भागात एकापुढे एक साधारण ६० कप्पे भरले. म्हणजे इंचाला १०८०, चौरस इंचाला ११ लाख ६६ हजार ४००, आणि घनइंचाला १२५ कोटी ९७ लाख १२ हजार. हा आकडा त्याने पूर्णच्या पूर्ण छापला आहे. बूच हलकं का, पाण्यावर तरंगतं का, दाबलं की परत फुगतं का, या प्रश्नांचं उत्तर त्याला त्या आकड्यात सापडलं होतं: आत सगळी कोंडलेली हवा आहे. या कप्प्यांना त्याने ‘सेल’ म्हटलं.

हूकला ते कप्पे पाहून मठातल्या साधूंच्या खोल्या आठवल्या, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. त्या पानावर मठ कुठेच नाही. आहे ते मधाचं पोळं आणि छोट्या छोट्या पेट्या. पोळ्यातल्या घरांना इंग्रजीत तेव्हा सेल म्हणतच होते, तोच शब्द त्याने उचलला. मठाची गोष्ट अगदीच खोटी नाही. फक्त ती हूकच्या नावावर न टाकता शब्दाच्या आधीच्या इतिहासात ठेवायला हवी.

मूळ शब्द लॅटिन ‘सेला’. अर्थ लहान खोली, धान्याची किंवा तेलाची कोठी. रोमन देवळात मूर्ती जिथे असे त्या बंदिस्त गाभाऱ्यालाही सेलाच म्हणत. मागे जात जात भाषाशास्त्रज्ञ हा शब्द ‘झाकणे’ अशा अर्थाच्या एका प्राचीन धातूपर्यंत नेतात आणि संस्कृत ‘शाला’चं नातंही तिथेच जोडतात. तेव्हा शाळेतल्या मुलाला ‘सेल म्हणजे काय’ विचारणं हे घरातल्याच माणसाची चौकशी करण्यासारखं आहे. ते असो. एक गोष्ट मात्र धरून ठेवावी. सेल म्हणजे भिंतींनी वेगळी केलेली लहान जागा. शब्द कुठल्याही धंद्यात गेला तरी तिथे पहिला प्रश्न हाच विचारावा: इथली भिंत कुठे आहे आणि ती कोणाला कोणापासून वेगळं ठेवते?

भिंत सगळ्यात खरी, दगडाविटांची, ती भिक्षूच्या आणि कैद्याच्या खोलीत. बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीला गेलं तर कातळात खोदलेल्या शंभरावर लेण्यांत भिक्षूंच्या खोल्या दिसतात. एक माणूस आडवा होईल एवढा दगडी ओटा, एक दार, बाहेर पाण्याचं टाकं. एकोणिसाव्या शतकात फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्यासारख्या अभ्यासकांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांची वर्णनं इंग्रजीत लिहिली, तेव्हा या खोल्यांना सेल म्हणणं त्यांना सहज सुचलं, कारण युरोपातल्या मठांत तशाच खोल्या होत्या. माणूस एकटा बसला की अंतर्मुख होतो, हा विश्वास दोन्हीकडे होता.

हाच विश्वास तुरुंग बांधणाऱ्यांच्या हाती गेला तेव्हा मात्र त्याचं भयंकर काहीतरी झालं. फिलाडेल्फियात १८२९ साली ‘ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शियरी’ सुरू झाली. ‘पेनिटेन्स’ म्हणजे पश्चात्ताप, तो नावातच आहे. प्रत्येक कैद्याला स्वतंत्र खोली. बाहेर काढायचं झालं तर चेहऱ्यावर टोपडं, म्हणजे त्याला कोणी दिसू नये आणि कोणी त्याला ओळखू नये. मधोमध निरीक्षणाची जागा आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या इमारती. योजना आखणारे लोक स्वतःला दयाळू समजत होते. चाबकापेक्षा एकांत बरा, असं त्यांचं म्हणणं. १८४२ साली चार्ल्स डिकन्स तो तुरुंग पाहून आला आणि मनावरचा हा छळ शरीरावरच्या छळाहून वाईट आहे, असं त्याने स्वच्छ लिहिलं. त्याच वर्षी लंडनमध्ये पेंटनव्हिलचा तुरुंग याच धर्तीवर सुरू झाला, आणि नमुना इंग्रजांच्या साम्राज्यात पसरला.

अंदमानला हा नमुना १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत उभा राहिला. मधे मनोरा, सात तीनमजली इमारती आणि जवळपास सातशे खोल्या. एकत्र राहण्याची बराक एकही नाही. सगळेच्या सगळे एकेकटे सेल, म्हणून नाव सेल्युलर जेल. मराठी वाचकाला हा तुरुंग सावरकर बंधूंमुळे आणि ‘माझी जन्मठेप’मुळे माहीत असतो, पण त्याच्या रचनेतली हुशारी सहसा लक्षात येत नाही. प्रत्येक इमारतीचा दर्शनी भाग पुढच्या इमारतीच्या पाठीकडे आहे, त्यामुळे गजांतून पाहिलं तरी समोर माणूस दिसत नाही, भिंत दिसते. दाराची कडी भिंतीतल्या खोबणीत आत सरकवलेली, आतून हात काढला तरी पोचू नये अशी. सातांपैकी आज तीनच इमारती उरल्या आहेत. तिथे जाणाऱ्याने फोटो काढायच्या आधी ती कडी बघावी.

हूकच्या सेलकडे परत येऊ. त्याने पाहिलं होतं ते मेलेल्या सालीतलं रिकामं घर. भिंती होत्या, राहणारा कधीच गेला होता. ओल्या वनस्पतींच्या कापात कप्पे रसाने भरलेले आहेत हे त्याच्या लक्षात आलं, पण तो रस म्हणजे काय याचा पत्ता लागायला जवळजवळ दोनशे वर्षं जावी लागली. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊनने ऑर्किडच्या सेलमध्ये, म्हणजे मराठीत पेशींत, एक गडद ठिपका पाहिला आणि त्याला न्यूक्लियस, म्हणजे केंद्रक, असं नाव दिलं. १८३८ मध्ये श्लायडनने वनस्पतींबद्दल आणि १८३९ मध्ये श्वानने प्राण्यांबद्दल सांगितलं की सगळे जीव पेशींचेच बनलेले आहेत. मग अडचण उभी राहिली. प्राण्यांच्या पेशींना झाडांसारखी जाड भिंत सापडेना. शेवटी १८६१ मध्ये माक्स शुल्त्झने उलटं टोक धरलं: भिंत असो वा नसो, केंद्रक असलेला जिवंत द्रव्याचा गोळा म्हणजे पेशी. म्हणजे घर पाहून दिलेलं नाव घरमालकाला चिकटलं, आणि घर नसलं तरी ते चालू राहिलं. नाव बदलावं असं कोणाकोणाला वाटलंही असेल, पण तोवर ते छापखान्यांत आणि वर्गांत पक्कं बसलं होतं.

प्राण्यांच्या पेशीला भिंतीऐवजी पातळ पटल असतं, मिलिमीटरच्या सुमारे एक लाखाव्या भागाइतकं. पण तेही नुसतं कुंपण नाही. मीठ, साखर, पाणी कोणी किती आत-बाहेर जायचं हे तिथेच ठरतं. आपल्या अंगात अशा सुमारे ३० लाख कोटी पेशी आहेत असा अंदाज आहे, आणि त्यातल्या बहुसंख्य तांबड्या रक्तपेशी. गंमत म्हणजे माणसाच्या पक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रकच नसतं. हिमोग्लोबिनला जास्त जागा मिळावी म्हणून तिने ते टाकून दिलेलं असतं. शुल्त्झच्या व्याख्येत ती बसत नाही. तरी तिला पेशीच म्हणतात.

विदर्भातल्या आणि सातपुड्यातल्या घरांमध्ये मात्र सेल हा शब्द पाठ्यपुस्तकातून आलेला नाही. गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार इथे ‘सिकलसेल’ हे रक्ताच्या आजाराचं नाव रोजच्या बोलण्यात असतं. सिकल म्हणजे विळा. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहून त्यांची नोंद केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे काही वर्षांत व्हर्नन इन्ग्रॅमने तो नेमका शोधला: बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. एवढ्या एका अदलाबदलीने प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दांडे बनतात आणि पेशीला आतून ताणतात. गोल, लवचीक पेशी वाकडी आणि ताठ होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, आणि मग हाडं, छाती, पोट असह्य दुखतं. आईवडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. म्हणून या भागात लग्न जुळवताना ‘ए-एस पॅटर्न (वाहक) की एस-एस (आजारी)’ हे विचारायला आरोग्यसेविका शिकवतात. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं; उद्दिष्ट २०४७चं आहे.

आता टॉर्चमधला सेल. १८०० सालच्या मार्चमध्ये आलेस्सांद्रो व्होल्टाने लंडनला रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहून आपला विजेचा मनोरा कळवला: चांदी, जस्त, मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, पुन्हा चांदी, जस्त, पुठ्ठा. मनोऱ्याची एक कटकट होती. वरच्या चकत्यांच्या वजनाने पुठ्ठ्यातलं पाणी पिळून बाहेर यायचं. लगेचच विल्यम क्रुकशँकने ही रचना आडवी केली. लाकडी डोणीत धातूचे पत्रे उभे बसवून तिचे कप्पे पाडले आणि कप्प्यांत आम्ल ओतलं. भिंती असलेली, रसाने भरलेली लहान जागा. तिला सेल म्हटलं तर नवल नाही. ‘बॅटरी’ हा शब्द आणखी जुना, बेंजामिन फ्रँकलिनचा. १७४९ मध्ये त्याने विजेने भारलेल्या काचा रांगेने जोडल्या आणि तोफांच्या रांगेचं नाव त्यांना दिलं. तेव्हा एक तो सेल, अनेकांची रांग ती बॅटरी. आपल्याकडे गावात टॉर्चलाच बॅटरी म्हणतात आणि तिच्यात ‘दोन सेल टाक’ असं सांगतात. हे बोलणं इंग्रज दुकानदारापेक्षा शास्त्राला धरून आहे. तो एकट्या पेन्सिल सेललाही बॅटरीच म्हणतो.

या सेलबद्दलची एक गोष्ट शाळेत नीट पोचत नाही. टॉर्चचा जाडा सेल दीड व्होल्टचा, आणि भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेलही दीडच व्होल्टचा. व्होल्ट ठरतात ते आत कोणती दोन द्रव्यं आहेत यावर. जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड असेल तर दीड, शिसं आणि आम्ल असेल तर दोन. खोली मोठी केली तर माल जास्त मावतो, सेल जास्त दिवस चालतो आणि जास्त प्रवाह देऊ शकतो, पण व्होल्ट वाढत नाहीत. ते वाढवायचे तर खोल्या एकापुढे एक जोडाव्या लागतात. जुन्या गाडीच्या बॅटरीवर सहा बुचं दिसतात, त्यांच्यातून डिस्टिल्ड वॉटर घालतात. खाली दोन-दोन व्होल्टचे सहा सेल आहेत, म्हणून ती १२ व्होल्टची. मंद पडलेले सेल उन्हात ठेवायची पद्धतही अगदीच खुळी नव्हती. नवी वीज त्यातून येत नाही, पण उबेने आतली क्रिया थोडी जोर धरते आणि रात्री गोठ्यापर्यंत जाऊन येण्यापुरता उजेड मिळतो. असा सेल फोडून काळी भुकटी अंगावर सांडून घेतलेली आणि आतली कार्बनची कांडी खिशात घातलेली मुलं पुढे कोणी इंजिनिअर झाली, कोणी नुसताच मार खाल्ला.

सौर पॅनेलवर ज्या निळ्या-काळ्या चौकटी दिसतात त्यांनाही सेलच म्हणतात. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये चॅपिन, फुलर आणि पिअरसन यांनी पहिला उपयोगी सिलिकॉनचा सौर सेल दाखवला, तेव्हा उन्हातल्या शक्तीचे जेमतेम सहा टक्के विजेत उतरत. त्यात ना कप्पा ना रस. नुसती सिलिकॉनची पातळ चकती. इथे शब्द केवळ घराण्याच्या नावाने चालतो.

याच बेल लॅब्समध्ये सेलचा सगळ्यात चमत्कारिक अवतार जन्मला, आणि त्याला भिंतच नाही. अडचण अशी होती. गाडीतून रेडिओवर फोन करता यायचा, पण शहराला एकच उंच, ताकदवान टॉवर. त्याला मिळालेल्या लहरींचे पट्टे मोजके, आणि एक पट्टा एका वेळी एकाच संभाषणाला. सगळ्या न्यूयॉर्कमधून एका वेळी डझनभर माणसं बोलली की तेरावा ताटकळणार. बेल लॅब्सच्या डग्लस रिंगने १९४७च्या डिसेंबरमध्ये एक टिपण लिहिलं: टॉवरची ताकद वाढवू नका, कमी करा. शहराचे लहान लहान भाग पाडा, प्रत्येक भागाला कमी शक्तीचा स्वतःचा टॉवर द्या. शेजारच्या भागाला वेगळा पट्टा, पण थोडं लांब गेलं की तोच पट्टा पुन्हा वापरा, कारण पहिल्याचा आवाज तिथवर पोचतच नाही. या भागांना नाव मिळालं सेल. कागदावर ते षटकोनी काढतात. सारख्या आकाराचे तुकडे फट न ठेवता मांडायचे तर त्रिकोण, चौकोन आणि षटकोन एवढेच नियमित आकार चालतात, आणि त्यात वर्तुळाच्या सगळ्यात जवळचा षटकोन. मधमाश्यांचा हिशोबही काहीसा असाच, म्हणून नकाशा पोळ्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात डोंगर, इमारती, झाडी यांनी त्या षटकोनाचे लचके तोडलेले असतात.

कल्पना १९४७ची असली तरी चालत्या माणसाला एका सेलमधून दुसऱ्यात न तुटता सोपवायला जलद संगणकी यंत्रणा लागते. ती यायला पुढची तीन दशकं गेली. ३ एप्रिल १९७३ रोजी मोटोरोलाच्या मार्टिन कूपरने मॅनहॅटनच्या रस्त्यावर उभं राहून किलोभर वजनाच्या फोनवरून पहिला कॉल लावला तो बेल लॅब्समधल्या प्रतिस्पर्ध्याला, जोएल एंगलला. मूळ कल्पना ज्यांची, त्यांनाच वाकुल्या दाखवल्या. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले आणि सेल्युलर सेवा सुरू झाली. तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. सेल्युलर हे विशेषण मराठीत त्याआधी जवळजवळ एकाच वास्तूसाठी वापरलं जाई, आणि तिथे माणसं एकमेकांशी बोलू नयेत म्हणून भिंती घातल्या होत्या.

मोबाइलच्या सेलची हद्द हलती असते. थ्री-जीच्या काळात तर ती चक्क श्वास घ्यायची. गर्दी वाढली की सगळ्यांच्या लहरींचा एकमेकांना अडथळा होऊन कडेच्या फोनचा आवाज बुडायचा आणि सेल आक्रसायचा. गर्दी ओसरली की पुन्हा पसरायचा. इंजिनिअर त्याला सेल-ब्रीदिंगच म्हणत. यात्रेत रेंज दाखवते पण फोन लागत नाही याचं मूळ गर्दीत आहे, म्हणून कुंभमेळ्यासारख्या ठिकाणी चाकांवरचे टॉवर आणून सेल आणखी लहान करतात. थ्री-जीआधीच्या जीएसएम यंत्रणेत एक हद्द मात्र पक्की होती: सुमारे ३५ किलोमीटर. त्यापलीकडून येणारा संकेत त्याला नेमून दिलेल्या क्षणात पोचत नाही. अंतराची भिंत खरं तर वेळेची निघाली. पोलिसांच्या तपासात आरोपीचं ‘टॉवर लोकेशन’ काढतात तेही हेच: माणूस कुठे उभा होता हे त्यातून कळत नाही, त्याचा फोन कोणत्या सेलमध्ये होता एवढंच कळतं. हा फरक बातम्यांत बहुतेक वेळा गायब असतो.

राजकारणातला सेल गुप्त चळवळींतून आला. मूठभर माणसांचा गट, आणि त्यातल्या कोणालाच दुसऱ्या गटातली नावं माहीत नाहीत. एक पकडला गेला तरी पोलिसांचा धागा तिथेच तुटावा. भिंत इथे अज्ञानाची. आता आयटी सेल, सायबर सेल, प्लेसमेंट सेल, बारावीच्या पालकांची झोप उडवणारा सीईटी सेल, सगळ्यांनी ते नाव घेतलं. गुप्तता गेली आणि पाटी राहिली. (दिवाळीला दुकानांत लागतो तो सेल निराळा. तो विक्रीचा शब्द, त्याचं या घराण्याशी नातं नाही.)

राहिला मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलचा सेल. आडव्या-उभ्या रेघांनी पाडलेले चौकोन, २००७पासून प्रत्येक पानावर १० लाख ४८ हजार ५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने, म्हणजे सुमारे १,७१८ कोटी सेल. जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये ओळी फक्त ६५,५३६ असत. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्यात कोविडचे अहवाल अशाच जुन्या फाइलमध्ये भरले जात होते. ओळी संपल्या, पुढचे रुग्ण मोजणीतून गळाले, आणि जवळपास १६ हजार नोंदी मागाहून सापडल्या.

हा सेल आणखी एक आगाऊपणा करतो: आत लिहिलेल्या मजकुराचा अर्थ स्वतःच लावतो. जीवशास्त्रात ‘सेप्ट१’ आणि ‘मार्च१’ अशा नावांची जनुकं आहेत. सेप्ट कुटुंबातल्या जनुकांची प्रथिनं पेशीविभाजनात मदत करतात. संशोधकाने असं नाव चौकोनात टाइप केलं की एक्सेल ती तारीख समजून १ सप्टेंबर, १ मार्च करून टाकायचं. २०१६ मध्ये एका तपासणीत दिसलं की ज्या जनुकशास्त्रीय निबंधांना एक्सेलच्या याद्या जोडल्या होत्या त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्श्यात अशा चुका आहेत. पेशीतल्या जनुकाचं नाव चौकोनी सेलने खाल्लं! जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीने अखेर २०२० मध्ये हार मानली आणि सेप्ट१चं सेप्टिन१, मार्च१चं मार्चएफ१ केलं. हा आपोआप बदल बंद करायची सोय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये दिली. तोवर जनुकांची बारशी उरकली होती.